उषामावशींचा वळसा

मेधाचा फोन आला तेव्हा मी रावपुऱ्यातल्या ऑफिसात दिवसाचं शेवटचं काम आवरत होतो. माझी बायको ऑफिसच्या वेळेत सहसा फोन करत नाही, आणि केलाच तर सुरुवात कोथिंबिरीपासून करते. त्या दिवशी मात्र ती एवढंच म्हणाली, "मावशींची खुर्ची अजून बाहेर आली नाहीये." तिऱ्हाइताला या वाक्यातून काही कळणार नाही. मला सगळं कळलं, आणि मी टेबलावरचं तसंच टाकून स्कूटर काढली. शेजारच्या घराची एक किल्ली आमच्याकडे असायची. मी मांजलपूरला पोचेपर्यंत मेधाने दार उघडलं होतं, डॉक्टर येऊन गेले होते आणि आमच्या गल्लीतली अर्धी माणसं फाटकाशी गोळा झाली होती. उषामावशी दुपारच्या झोपेतच गेल्या होत्या. बडोद्यात दुपारची झोप ही फार गंभीर बाब आहे, आणि मावशी तिच्याबाबत सगळ्यांत कडक. दुपारी कुणी घंटी वाजवली तर तो माणूस पुढे महिनाभर त्यांच्या बोलण्यात असे. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसावा. चेहरा मात्र मला थोडा वैतागल्यासारखा वाटला... झोपमोड झाल्यावर दिसायचा तसा.

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आमचे प्रमुख हसमुखभाई यांनी बातमी टाकली. तिच्या वर पाण्याच्या मोटारीचा निरोप होता, आणि तिच्या खाली कुणीतरी न वाचताच अंगठा दाखवून ठेवला. मग त्या माणसाने माफी मागितली, माफीवर दोघांनी अंगठे दाखवले, आणि हे असंच रात्रीपर्यंत चाललं. मावशी असत्या तर त्यांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या प्रत्येकाला थांबवून अंगठ्याबद्दल जाब विचारला असता.

मी या सोसायटीत घर घेतलं ते शांततेसाठी, हे आधी सांगायला हवं. माझं सगळं बालपण रावपुऱ्यात गेलं. तिथे मी केस कापून आलो तरी चार घरांतून त्यावर मतं येत. लग्नानंतर जमवाजमव करून आम्ही मांजलपूरला टेनामेंट घेतलं. एका भिंतीला दोन्हीकडून पाठ लावून उभ्या असलेल्या बैठ्या घरांना बडोद्यात टेनामेंट म्हणतात. पुढे हातभर अंगण, ओटा, लोखंडी फाटक. फाटक लावलं की जगाशी संबंध संपला, अशी माझी कल्पना होती. टेम्पोतून सामान उतरत होतं आणि मी त्या कल्पनेत रमलो होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "माणसं दोन आणि कपाटं तीन? अजून कुणी यायचंय का?"

वळून पाहिलं तर रस्त्यावर, अक्षरशः रस्त्यावर, एका लोखंडी खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. लोखंडी नळ्यांची, निळ्या-पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी विणलेली ती खुर्ची फाटकाच्या बाहेर, गल्ली जिथे वळते नेमकी तिथे मांडलेली होती. आमच्या टेम्पोवाल्याला ती चुकवून टेम्पो मागे घेताना घाम फुटला होता. बाईंनी मला विचारलं, कुठले तुम्ही? मी म्हटलं, रावपुऱ्यातले. रावपुऱ्यात कुठे, कोणत्या बोळात, आईचं माहेर कुठलं, असं करत करत गाडी घडियाळी पोळेत, म्हणजे जुन्या शहरातल्या एका बोळात, राहणाऱ्या माझ्या आत्यापर्यंत गेली, आत्यावरून तिच्या जावेवर, आणि जावेची व बाईंच्या थोरल्या बहिणीची भिंत एक होती असं निघालं. "म्हणजे मी तुझी मावशी झाले," बाईंनी निकाल दिला. हे नातं कुठल्या हिशेबाने लागतं ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण टेम्पोवाल्याने मान डोलावली आणि त्या क्षणापासून मी 'तुम्ही'चा 'तू' झालो. माझी शांतता सामान उतरायच्या आतच संपली होती.

मावशींचं माहेर संस्थानच्या नोकरीतलं. त्यांचे आजोबा जकातीवर होते, ही गोष्ट त्या पहिल्या पाच मिनिटांत सांगत. त्यामुळे जाणाऱ्या-येणाऱ्याला हटकणं हा त्यांना वारसाहक्कच वाटे. त्यांचा जन्म घडियाळी पोळेतला, लग्नही पोळेतल्याच घरात. तिथे दार उघडलं की ओटा आणि ओट्याखाली रस्ता. काकांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, नंदेसरीच्या एका कारखान्यात नोकरी होती आणि मोकळ्या हवेची हौस होती, म्हणून ते इकडे राहायला आले. मावशींनी नवं घर हिंडून पाहिलं आणि विचारलं, "आत बसून बघू काय? तुमची स्कूटर?" दुसऱ्या दिवसापासून पोळेतून आणलेली खुर्ची फाटकाबाहेर गेली. खुर्ची रोज पाच वाजता, उन्हाळ्यात सावली सरकल्यावर, बाहेर काढायची आणि दिवेलागणीला आत घ्यायची.

तिथून त्या फक्त दोन प्रश्न विचारत. जाणाऱ्याला, "कुठे निघालास?" आणि परत येणाऱ्याला, "झालं का काम?" गुजराती शेजाऱ्यांना "क्यां चाल्या?" आणि "काम थई गयुं?" कुरियरवाल्यांना मोडक्या हिंदीत. कारखान्याची बस थांब्यावर थांबली की काका डबा घेऊन चालत येत, त्यांनाही, "झालं का काम?" काका गंभीरपणे म्हणत, "झालं." तीस वर्षं ज्या कारखान्यात ते रोज जात होते, तिथलं काम रोज होत होतं, याचं मावशींना मनापासून समाधान वाटे.

मी पहिल्या वर्षी पुष्कळ प्रतिकार केला. "जरा बाहेर" असं मोघम उत्तर दिलं तर त्या म्हणत, "बाहेर तर तू आहेसच." मोबाइल कानाला लावून निघालो तर फोन संपेपर्यंत हात दाखवून थांबवत. एकदा मुद्दाम मागच्या गल्लीतून फिरून आलो, तर, "आज लांबून का आलास? कुणाशी भांडलास?" मेधा माझ्यापेक्षा शहाणी. ती सगळं आपण होऊन सांगून टाकी. पण त्याचाही तोटा होता. आम्ही सिनेमाला निघालो आणि तिने सिनेमाचं नाव सांगितलं, तर मावशी म्हणाल्या, "जा जा, छान आहे. शेवटी ती मरते तेवढं सोडून." आम्ही तीन तास ती कधी मरते याची वाट पाहत बसलो. परत आलो तेव्हा मावशी विचारत होत्या, "झालं का काम?"

असं असलं तरी अर्ध्या गल्लीच्या किल्ल्या मावशींकडे असत. पार्सलं त्यांच्याकडे येत, आणि ती त्यांच्याकडून घेताना आत काय आहे हे सांगावं लागे. कुणाचा ताप उतरला नाही, कुणाकडे पाहुणे आलेत आणि दूध संपलंय, हे खुर्चीवर आधी कळायचं आणि खुर्चीवरून योग्य त्या घरी पोचायचं. मेधाचं ऑपरेशन झालं तेव्हा आमच्याकडे दोन आठवडे कुणाकडून काय डबा यायचा हे मावशींनी परस्पर ठरवलं होतं. आम्ही फक्त डबे धुवून परत करायचे, आणि तेही रिकामे नाही, हे त्यांनी बजावलं होतं.

मग हसमुखभाईंनी मोठी गाडी घेतली. त्यांचं कापडाचं दुकान आहे, मनुष्य सज्जन आहे, पण गाडी एवढी मोठी होती की वळणावर खुर्ची असताना ती त्यांच्या फाटकात शिरेना. दोन-तीनदा मागेपुढे करावं लागे आणि प्रत्येक वेळी मावशी हाताने खुणा करून त्यांना मार्गदर्शन करत. हे त्यांना जास्त झोंबलं असावं. रस्ता गाड्यांसाठी असतो हे सुनवायला ते काच खाली करून म्हणाले, "रस्तो गाडी माटे छे, मासी." मावशी म्हणाल्या, "तो माणस माटे शुं छे, हसमुखभाई?" दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली, आणि महिन्याभरात विषय सोसायटीच्या मीटिंगला आला.

खुर्ची आत घ्यायची म्हणजे मावशींनी आत बसायचं, म्हणजे त्यांचं सगळं जगणंच फाटकाच्या आत कोंडायचं. हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट जाणवलं, आणि आश्चर्य म्हणजे मला त्याचं वाईट वाटलं. मी मीटिंगमध्ये बोलायचं ठरवून गेलो. बोलायची वेळ आली नाही. आमच्या सोसायटीला हॉल नाही, त्यामुळे मीटिंग गल्लीतच भरते. प्रत्येकाने घरून आपापली खुर्ची आणली आणि रस्ता पूर्ण भरून गेला. रस्त्यावर खुर्ची मांडण्यास मनाई करावी, हा ठराव रस्त्यावर पंचवीस-तीस खुर्च्या मांडून चर्चेला आला. दोन रिक्षा आणि गॅसचा टेम्पो पलीकडे अडकले. मावशी आपल्या जागी होत्याच, त्यांना काही हलवावं लागलं नाही. त्यांनी सगळ्यांना बडोद्याचा ओलसर लीलो चिवडा वाटला आणि अडकलेल्या रिक्षावाल्यालाही बशी पाठवली. मत विचारल्यावर काकांनी आपण तटस्थ असल्याचं जाहीर केलं, कारण त्यांना त्याच घरात राहायचं होतं. शेवटी असं ठरलं की रस्त्याच्या कडेने पिवळी रेघ मारायची, गाड्या रेघेच्या अलीकडे, घरांच्या बाजूला, लावायच्या आणि खुर्चीही रेघेच्या अलीकडेच.

रेघ मारणारा रंगारी नेमका पाचनंतर आला. "माँजी, जरा उठिए," तो म्हणाला. मावशी तेव्हा वालपापडी सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "तू तारुं काम कर, हुं मारुं करुं छुं." रंगारी बिचारा उक्तं काम घेणारा, त्याला पुढच्या सोसायटीत जायचं होतं. त्याने रेघ खुर्चीपर्यंत सरळ आणली, खुर्चीला बाहेरून वळसा घातला आणि पुन्हा सरळ नेली. मावशी उठल्या तेव्हा डांबरावर एक पिवळं पोट सुटलेलं होतं. ठराव शब्दशः पाळला गेला होता. खुर्ची रेघेच्या अलीकडे होती.

हॉर्न मात्र बंद झाला नाही. तो बंद झाला त्या साली विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा. आमच्या सोसायटीमागे पावसाच्या पाण्याचा मोठा नाला आहे, इथे त्याला कांस म्हणतात. पाणी ओसरल्यावर सकाळी लोक चिखल काढायला बाहेर पडले, तर वळणावर, पिवळ्या पोटाच्या आत, एक मगर पहुडलेली. फार मोठी नव्हती, पण मगर होती. वनखात्याची माणसं यायला वेळ होता. हसमुखभाईंना दुकानात किती पाणी शिरलंय ते बघायला जायची घाई, म्हणून त्यांनी गाडी काढली, आणि हॉर्न न वाजवता, दम धरून, अगदी कडेकडेने लांबलचक वळण घेऊन ती एका फटक्यात बाहेर नेली. मावशी ओट्यावरून सगळं बघत होत्या. मगर गेली, खुर्ची धुऊन पुन्हा जागेवर आली, आणि संध्याकाळी हसमुखभाई परतल्यावर मावशींनी हात करून गाडी थांबवली. "मगरने फरीने जाओ छो, ने मने हॉर्न मारो छो?" मगरीला वळसा आणि मावशींना हॉर्न, हा हिशेब डोक्यात शिरला आणि हसमुखभाईंना असं हसू लोटलं की गाडी बंद करावी लागली. त्यानंतर त्यांनी हॉर्न वाजवला नाही. गाडी एका फटक्यात वळते हेही सिद्ध झालंच होतं.

काका गेले त्याला आता काही वर्षं झाली. त्यांचा मुलगा निखिल कॅनडात असतो. आईने एकटं राहू नये म्हणून तो तिला तिकडे घेऊन गेला. आम्हाला वाटलं, आता संपलं. थोड्याच महिन्यांत एका संध्याकाळी मी ऑफिसातून येतो तर समोर खुर्ची. "झालं का काम?" मी स्कूटर तशीच धरून उभा राहिलो. मी विचारलं, काय झालं हो तिकडे? मावशी म्हणाल्या, "अरे, तिथे फुटपाथवर खुर्ची टाकून बसले, तर एक बाई येऊन विचारते, तुम्ही हरवलात का? मी माझ्या खुर्चीत बसलेय, हरवेन कशी? दुसऱ्या दिवशी तीच बाई पांघरूण घेऊन आली. माणसं चांगली आहेत रे, पण कुठे निघालात विचारलं तर घाबरतात."

मग निखिलने फाटकाच्या खांबावर कॅमेरा बसवला. आवाज यायचा नाही, नुसतं चित्र. तिकडे सकाळ झाली की तो चहाबरोबर आईला बघे. मावशींना हे पटलं नव्हतं. "मी त्याला दिसते, तो मला दिसत नाही, हा कुठला न्याय?" पण हळूहळू त्या कॅमेऱ्याशी रुळल्या. आणलेली भाजी वर धरून दाखवत. नवी साडी नेसल्या की उठून एक फेरी मारत. आणि निखिलचा दोन दिवस फोन आला नाही की खुर्ची फिरवून कॅमेऱ्याकडे पाठ करून बसत. मग त्याचा मला फोन, "अविनाशदादा, आईने पाठ केलीय. काय झालं?" मी शेजारी जाई, तह करून देई, खुर्ची पुन्हा सरळ होई. नवरा-बायकोच्या भांडणात पडू नये म्हणतात, पण आई-मुलाच्या भांडणातला मी कायमचा मध्यस्थ झालो होतो. ज्याने एकेकाळी मागच्या गल्लीतून पळ काढला होता, त्याच माणसाचं हे झालं, हे मेधा मला अधूनमधून ऐकवते.

मावशी गेल्यावर निखिल आला. इथल्या पद्धतीप्रमाणे बेसणं ठेवलं. सगळी व्यवस्था हसमुखभाईंनी केली. गल्लीत भाड्याच्या पांढऱ्या खुर्च्या मांडल्या, माणसं पांढऱ्या कपड्यांत येत होती, फोटोला हात जोडत होती आणि पाच-दहा मिनिटं गप्प बसून उठत होती. मी दारात उभा होतो आणि मला एकच गोष्ट खटकत होती. एवढी माणसं आली आणि गेली, आणि कुणाला कुणी एका शब्दाने काही विचारलं नाही. मावशींच्या फाटकासमोर असं कधी झालं नव्हतं. नंतर माझ्या लक्षात आलं की भाड्याच्या खुर्च्यांच्या ओळी पिवळ्या पोटापाशी तुटल्या होत्या. मांडणारा माणूस बाहेरचा होता. तिथे खुर्ची मांडू नको असं त्याला कुणीतरी सांगितलं असणार. कोणी, ते मी विचारलं नाही.

जाताना निखिलने घराला कुलूप घातलं. घराचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. खुर्ची तो विमानात नेऊ शकत नव्हता. तो ती धरून बराच वेळ अंगणात उभा होता, मग माझ्याकडे आणून म्हणाला, "दादा, तुमच्याकडे राहू दे." ती आमच्या ओट्यावर आहे. तिच्यावर कुणी बसत नाही, पट्ट्या मधोमध खोल गेल्यात आणि त्या खोलगटपणात दुसरं कुणी मावेल असं वाटत नाही. मेधा रोज तिच्यावरची धूळ झटकते.

गेल्या आठवड्यात रेघा नव्याने रंगवायला काढल्या. मी ऑफिसातून आलो तर रंगारी वळणावर उकिडवा बसून पुसट झालेल्या पिवळ्या पोटाकडे बघत होता. हा नवा माणूस. मला बघून म्हणाला, "साहब, यहाँ टेढ़ी है. सीधी कर दूँ?" सरळ रेघच बरोबर, हे कुणीही सांगितलं असतं. तेवढ्यात मागे हसमुखभाईंची गाडी येऊन थांबली. ते उतरले, रंगाऱ्यापाशी आले आणि म्हणाले, "जूनी लाइन पर ज मारो." मग माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "सीधी करीए तो मासी पूछशे, कोने पूछीने करी?" आणि गाडीत बसून, मोकळ्या रस्त्यावरून, ते लांबलचक वळण घेऊन आपल्या फाटकात शिरले.

रंग वाळल्यावर संध्याकाळी मी दूध आणायला निघालो. वळणावर स्कूटर आपोआप हळू झाली, पाय टेकला, आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "दूध आणायला चाललोय." मग इकडेतिकडे पाहिलं. कुणी ऐकलं नव्हतं. दूध घेऊन परत आलो, स्कूटर लावली, तोच फोन वाजला. निखिलचा. तिकडे सकाळ झाली असणार. त्याने कॅमेरा बंद केलेला नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"दादा," तो म्हणाला, "मघाशी तिथे थांबून तुम्ही काहीतरी बोललात ना?"

"हो. दूध आणायला चाललोय म्हटलं."

मग त्याने विचारलं, "झालं का काम?"

मी म्हटलं, "झालं."